बाबांना ताण देता येत नाही

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातलं घर बंद केलं, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याच्या जागेशेजारी, दोन खोल्या बांधल्या आणि आईला घेऊन तिथंच राहायला गेले. घरासमोरच्या चार एकर रानात त्यांनी मोसंबी लावली. आमच्याकडं सगळा कापूस आणि सोयाबीन. त्यात मधेच मोसंबीची हिरवीगार बाग दिसली, की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी हळू करतो. मला वाटतं, बाबांना तेवढंच हवं होतं. कुणीतरी गाडी हळू करावी आणि विचारावं, ही बाग कुणाची?

मी परभणीला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आखाडा पोखर्णीच्या रस्त्याला आहे, स्कुटीवर सहज जाता येतं, म्हणून रविवारी मी तिकडं जाते. लागवडीच्या वेळी मी बाबांना बजावून सांगितलं होतं की रोपं आली की मला फोन करा, मी आल्याशिवाय लावू नका. मी पोचले तेव्हा सगळी रोपं लावून झाली होती आणि बाबा हात धूत होते.

मी पहिल्याच रोपापाशी बसले. "बाबा, कलमाचा डोळा कुठं गेला?"

"मातीत हाय. म्हणजे वाऱ्यानं हलायचं न्हाई."

"तो जमिनीच्या वर पाहिजे. चांगला वीतभर वर."

"कुणी सांगितलं?"

मी सांगितलं. मोसंबीचं रोप म्हणजे एक झाड नसतं, दोन असतात. खाली रंगपूर लिंबाचा खुंट, तो काटक, ओल सोसणारा. वर त्याच्यावर बांधलेली मोसंबी, ती नाजूक. दोन्ही जिथं जुळतात तो डोळा मातीत गेला की मोसंबीची साल ओल्या मातीला लागते आणि कुजते. आपलं रान काळं, पाणी धरून ठेवणारं, तेव्हा इथं तर डोळा वरच राहायला हवा. वर्गात मी हे सांगते तेव्हा पोरं निदान मान तरी हलवतात. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग खोरं उचललं आणि त्या रोपाच्या बुडाशी आणखी दोन खोरी माती ओढली.

"तुझं बरोबर हाय माय," ते म्हणाले. "पण इकडं वारं कसं सुटतं, ते तुमच्या पुस्तकात न्हाई."

तिथून पुढं बागेत जे काही झालं, ते सगळं याच चालीनं झालं.

बाबा कुणाचं ऐकत नाहीत असं म्हणणं खोटं होईल. ते सगळ्यांचं ऐकतात. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याला मोसंबीतलं काही कळत नाही, पण तो मोबाईलवर व्हिडिओ पाठवतो. एका व्हिडिओत गूळ आणि बेसनाचं पाणी घाला म्हणाले, बाबांनी घातलं. दुसऱ्यात ताक फवारा म्हणाले, बाबांनी आईचं विरजण संपवलं. औषधाच्या दुकानदारानं बाटली दिली की ती बाग बघून दिली की नुसती खपवायला दिली, याची चौकशी न करता ते फवारत. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांच्या ऐकण्यात एक निवड आहे. झाडाला काही द्यायचं असलं, की बाबा लगेच तयार. पाणी द्या, युरिया द्या, शेणखत द्या, ते कुणाच्याही सांगण्यावरून देतील. पण काही थांबवायचं असलं, कापायचं असलं, उपटायचं असलं, की त्यांना ऐकू येत नसे. आणि मोसंबीचं निम्मं काम थांबवण्याचं आणि कापण्याचं असतं.

झाडं वाढली मात्र छान. पाचव्या वर्षी पहिला बहार धरायचा ठरला. थंडीत पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, आणि मग थंडी कमी होता होता पाणी सोडायचं, की एकदम फुलं येतात. त्याला आंबिया बहार म्हणतात. चहा पिता पिता मी बाबांना समजावलं की ताण म्हणजे छळ नव्हे. पाणी तुटलं की झाड नवी पालवी काढायचं थांबवतं आणि आपलं अन्न फांद्यांत साठवतं. ते साठलेलं अन्नच पुढं फुलं होऊन बाहेर येतं. पाणी देत राहिलं तर झाड नुसता पाला काढत बसेल.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांचं बरं फार गोड असतं. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

काही आठवड्यांनी गेले तर झाडांची पानं दुपारी जरा मलूल दिसत होती, जशी दिसायला हवीत तशी. पण बुडाशी माती काळीभोर ओली होती. मी बोट खुपसून बघितलं. बोट आत गेलं.

"बाबा, पाणी दिलंत?"

"न्हाई."

"मग ही ओल कशाची?"

"थंडी लय हाय यंदा. दव पडायलंय."

आई आत भाकरी करत होती. ती तिथूनच म्हणाली, "मोटारीतून पडायलंय दव. सकाळी पाच वाजता उठून पाडायलेत."

बाबा चोरी पकडलेल्या पोरासारखे नखं बघत बसले. मग म्हणाले, "थोडंच दिलं. सुकायलीत बिचारी."

मी तेव्हा जे बोलले ते इथं लिहीत नाही. मी परभणीला परत गेले आणि बाबांनी, हे नंतर आईकडून कळलं, दर आठवड्याला थोडंच दिलं.

त्या वर्षी आमच्या बागेत फुलं आली, पण हप्त्याहप्त्यानं आली. थोडी जानेवारीत, थोडी मार्चात, काही पाऊस पडल्यावर. एकाच फांदीवर पिकायला आलेलं फळ, लिंबाएवढं फळ आणि पांढरं फूल शेजारी शेजारी. रस्त्यावरच्या माणसाला ते फार मोहक दिसत असणार. बाग बघायला बागवान आला. हा फळांचा जुना व्यापारी, बाबांपेक्षा वयानं थोडा लहान, डोक्यावर जाळीची टोपी, चालीत अजिबात घाई नाही. तो सगळ्या ओळींतून फिरला. आम्ही मागं. कुठं थांबला नाही, कुठं काही बोलला नाही. शेवटच्या ओळीला पोचल्यावर त्यानं टोपी काढून घाम पुसला.

"गुरुजी," तो म्हणाला, "ही बाग हाय का तुमची शाळा? एकाच झाडावर पहिलीचं पोरगं बी हाय, चौथीचं बी हाय आन् सातवीचं बी. मी कुणाला घेऊन जाऊ?"

"निवडून घ्या की," बाबा म्हणाले.

"निवडायला मजूर लागतेत. दर पंधरवड्याला गाडी कोण पाठवणार?" मग त्यानं एक मोठं फळ तोडलं, खिशातून चाकू काढला आणि आडवं कापलं. साल बोटभर जाड. आत फोडी कोरड्या, मधोमध पोकळी. "युरिया लय दिला काय?"

"झाडं हिरवी राहावी म्हणून," बाबा म्हणाले.

"झाडं लय हिरवी हायेत," बागवान म्हणाला, आणि कापलेल्या दोन्ही फाका त्यानं कट्ट्यावर नीट मांडून ठेवल्या. चहा घेतला, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली, आणि गेला. त्यानं बाग घेतली नाही याचं बाबांना तितकं वाटलं नाही. साल जाड म्हणाला, हे लागलं. महिनाभर येणाऱ्या जाणाऱ्याला ते मोसंबी कापून देत आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसत. पाहुणा बिचारा चोखत राही आणि म्हणे, गोड आहे हो गुरुजी.

यानंतर बाबा थोडे नरमतील अशी माझी समजूत होती. त्याऐवजी त्यांना नवीन वाण सापडलं.

दक्षिणेकडच्या ओळीत एक झाड होतं. त्याच्या बुडातून एक फांदी सरळ वर गेली होती, काटेरी, तजेलदार, बाकीच्या झाडापेक्षा उंच. तिला लहान लहान नारिंगी फळं लागली. बाबांनी पुण्याला व्हिडिओ कॉल करून ती भावाला दाखवली. भाऊ म्हणाला, "बाबा, हे काहीतरी वेगळंच दिसतंय." झालं. बाबांनी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. मी गेले तेव्हा दोन माणसं ते झाड बघायला आली होती आणि बाबा त्यांना समजावून सांगत होते.

माणसं जाईपर्यंत मी गप्प बसले. मग म्हणाले, "बाबा, हा खुंटावरचा फुटवा आहे. खालचं रंगपूर लिंबू आहे ते, त्याचीच फांदी फुटली. ती वरच्या मोसंबीचं सगळं अन्न खायलीय. लहान असतानाच काढायला पाहिजे होती. आता तरी कापू."

"ही कापायची?" बाबांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "सगळ्या झाडात हीच तर ठणठणीत हाय. जी चांगली तीच कापायची, हा कुठला न्याय?"

"ती चांगली नाही. ती दुसरीच आहे."

"तुझ्या आईला विचार. लोणचं घातलंय तिनं त्याचं."

आईनं घातलं होतं, आणि लोणचं उत्तम झालं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड त्या लोणच्याची आली. दोन घास खाल्ल्यावर माझ्या बोलण्यात जोर राहिला नाही. फांदी तशीच राहिली. पुढच्या वर्षी वरची मोसंबी वाळली आणि त्या जागी एक भरभक्कम लिंबाचं झाड उभं राहिलं. ते अजून आहे.

मग डिंक आला.

पावसाळा लांबला होता, रानात आठ आठ दिवस पाय घालता येत नव्हता. काळी माती फुगून चिकट झाली होती आणि झाडांच्या बुडाशी पाणी साचून राहत होतं. पाऊस उघडल्यावर मी गेले, तर आईनं मला सरळ फडताळाकडं नेलं. काचेच्या बरणीत पिवळसर, पारदर्शक डिंकाचे खडे.

"काय हे?"

"मोसंबीचा डिंक. खोडांना आलाय. तुझे बाबा खरवडून आणायलेत. थंडीत लाडू कर म्हणले."

 मी चप्पल न घालताच बागेत गेले. कितीतरी झाडांच्या खोडांवर डिंकाचे ओघळ होते. वरची पानं पिवळी, शिरा फिकट. काही झाडांना अवेळी भरमसाट फुलं आली होती. मरणारं झाड कधी कधी तसं करतं, हे मला माहीत होतं. बाबा माझ्या मागं मागं येत होते आणि म्हणत होते, "बाभळीला येतो तसाच हाय. झाड जोरात असलं की येतो."

"बाबा, खोड कुजायलंय."

"तुला सगळीकडं रोगच दिसतो."

त्या दिवशी मी भांडले नाही. भांडायचं त्राणच नव्हतं. कृषी विद्यापीठात फळझाडांचं काम करणारे एक सर माझ्या ओळखीचे होते. मी सोमवारी कॉलेज सुटल्यावर त्यांच्याकडं गेले, आणि ते सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीनं आखाड्यावर आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी बाबांना नमस्कार केला, पाणी प्यायले आणि खुरपं मागितलं. एका झाडाच्या बुडाशी उकिडवे बसून ते माती काढत गेले. हातभर खोल गेल्यावर कलमाचा डोळा सापडला. त्यांनी नखानं साल दाबली. ती ओल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. आत सगळं तपकिरी, आंबट वासाचं.

"गुरुजी, झाड वरून मरत नाहीये," ते म्हणाले. "इथून मरतंय. डोळा मातीत गेलाय आणि पाणी खोडाला लागतंय."

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. जी पूर्ण गेली ती मुळासकट काढून जाळायची. बाकीच्यांची माती डोळ्याच्या खाली येईपर्यंत ओढून घ्यायची, कुजलेली साल खरवडायची, मोरचूद आणि चुन्याचा लेप द्यायचा. ओळींमधून चर खोदून पावसाचं पाणी बाहेर काढायचं. खोडाभोवती कोरडं आळं, त्याच्या बाहेर दुसरं आळं, आणि पाणी फक्त त्या बाहेरच्या आळ्यात. झाडाची पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, खोडाजवळ नसतात.

प्रत्येक वाक्यावर बाबा "पण" म्हणाले. पण मुळं उघडी पडतील. पण उन्हानं खोड भाजेल. पण लांबचं पाणी झाडाला कसं कळेल? सरांनी तिन्हींची उत्तरं दिली. बाबांनी चौथं पण काढलं. तेव्हा सर उठले, हात झटकले आणि म्हणाले, "येतो गुरुजी."

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि माफी मागू लागले. त्यांनी गाडीचं दार उघडलं आणि क्षणभर तसेच उभे राहिले.

"माझ्या वडलांचीही बाग आहे," ते म्हणाले. "मी आता ती बघायला जात नाही. नुसता जेवायला जातो."

दिवाळीच्या सुट्टीत मी आखाड्यावर मुक्कामाला गेले. आई, मी आणि गावातल्या दोन बाया, आम्ही चौघींनी ओळीनं कामाला सुरुवात केली. माती ओढायची, साल खरवडायची, लेप लावायचा, बाहेरचं आळं करायचं. उकिडवं बसून बसून माझे गुडघे धरले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी मागं वळून बघितलं, तर आम्ही मोकळी केलेल्या झाडांपाशी बाबा वाकले होते. ते हातानं माती परत लोटत होते. सगळ्यांना नाही. ज्यांची मुळं जरा दिसत होती त्यांना, पांघरूण सरकलं की सारखं करावं तसं.

मी ओरडले. त्या दोन बायांसमोर, माझ्या सत्तरीच्या बापावर ओरडले. "तुमीच मारलीत ही झाडं," असंही म्हणाले.

बायांनी खाली माना घातल्या. बाबांनी हात धोतराला पुसले, घरात जाऊन चपला घातल्या आणि रस्त्याला लागले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. आई म्हणाली, कुठं जाणार, पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात बसले असतील. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा रागही येत होता, कारण मी चुकीचं काही बोलले नव्हते आणि तरी गुन्हेगार मीच झाले होते. दिवेलागणीला ते आले. नारळाचा अर्धा तुकडा आणि थोडे फुटाणे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत गेले, तर बाबा माझ्या आधी तिथं होते. लेपाची बादली आणि ब्रश घेऊन ते खोडं रंगवत होते. शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या आधी ते अंगणातल्या झाडांना चुना आणि गेरू लावून घेत, तशी वरची कड अगदी सरळ रेषेत. लेप म्हणजे शेवटी देण्याचंच काम होतं, म्हणून ते त्यांना जमलं असावं.  उरलेली सगळी बाग त्यांनी रंगवली. मेलेली झाडं काढायला मात्र ते थांबले नाहीत, त्या दिवशी परभणीला काम काढून गेले.

थंडी आली आणि पुन्हा ताणाचा विषय आला. या वेळी मी समजावलं नाही. मला वाटलं, जाऊ दे, माझ्यानं होत नाही आता. कॉलेजात परीक्षा होत्या. एक दिवस मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. मागं रेल्वेचा आवाज येत होता.

"मी सेलूला चाललेय, मामाकडं. राहीन काही दिवस."

"अचानक? बरं आहे ना सगळं?"

"सगळं बरं हाय. मोटारीच्या डब्ब्यातले फ्यूज माझ्या पिशवीत हायेत. तुझ्या बाबांनी विचारलं तर तुला मालूम न्हाई."

माझ्या आईनं आयुष्यात बाबांच्या विरोधात उघड काही केल्याचं मला आठवत नाही. ती टोमणे मारते, पण ताट वाढते. आणि आता ती फ्यूज घेऊन गाडीत बसली होती. मी टीचर्स रूममध्ये एकटीच हसत बसले.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. "मोटार चालंना झाली. वायरमनला सांग."

"सांगते," मी म्हणाले, आणि सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला नाही. त्यांना कळलं होतं. दुकानातून नवे फ्यूज आणणं त्यांना काही अवघड नव्हतं, पण ते त्यांनी केलं नाही. बायकोनं नेले ते नेले, त्याच्यावर उपाय करणं त्यांना बरं दिसलं नसावं. त्यांनी दुसरा मार्ग काढला. मी रविवारी गेले तर बाबा जनावरांच्या हौदातून बादली भरून झाडांकडं निघाले होते. एका बाजूला वाकलेले, धोतर ओलं, दर दहा पावलांवर थांबून हात बदलत. सगळ्या बागेला बादलीनं पाणी घालणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी दारासमोरची एक ओळ धरली होती. सकाळ संध्याकाळ त्या ओळीला पाणी.

मी बादली त्यांच्या हातून घेतली आणि कट्ट्यावर ठेवली. "बाबा, कशासाठी करायलात हे?"

ते दम घेत बसले. मग म्हणाले, "दारात बसलं की दिसतात ती. मान टाकल्यासारखी. मागची दिसत न्हाईत, तिकडचं मी सोसायलोय. पण दारातली दिसतात ना. घास उतरंना."

यावर मला पाझर फुटायला हवा होता. फुटला नाही. मला एवढंच दिसत होतं की सत्तरीचा माणूस कमरेत लचक भरेल अशी बादली उचलतोय, आणि ज्या झाडांसाठी उचलतोय त्यांचंच नुकसान करतोय. मी म्हणाले, "मग खुर्ची दुसऱ्या तोंडाला ठेवा." ते खरंच उठले आणि खुर्ची फिरवून बसले. मी गेल्यावर पुन्हा सरळ केली असणार.

आई सेलूहून आली ती मामीनं दिलेल्या शेवया आणि फ्यूज घेऊन. ताणाची मुदत संपली होती. आम्ही खत घातलं, आणि बाहेरच्या आळ्यात पहिलं हलकं पाणी सोडलं, त्याला आंबवणी म्हणतात. मग जरा थांबून दुसरं. थोड्याच दिवसांत आईनं मला फोन केला आणि नुसतं म्हणाली, "ये."

बागेत वास भरून राहिला होता. मागच्या सगळ्या ओळी पांढऱ्या झाल्या होत्या, एका वेळी, एका वयाच्या कळ्या, फांदीला फांदी लागून. आणि दारासमोरची ओळ कोवळ्या पोपटी पाल्यानं लुसलुशीत दिसत होती. तिच्यावर शोधून फुलं सापडत होती. बाबा दोन्हीच्या मधे उभे होते, हात मागं बांधून. एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. मी जवळ जाऊन उभी राहिले. माझ्याजवळ बोलायला खूप काही होतं, वर्षानुवर्षांचं साठलेलं. मी एक शब्द बोलले नाही, आणि मला ते फार जड गेलं.

"दारातली हिरवी हायेत मात्र," बाबा म्हणाले.

त्या वर्षी बागवानानं मागची बाग घेतली. फळ कापलं तेव्हा साल पातळ होती आणि रस त्याच्या मनगटावर ओघळला. तो म्हणाला, "आता झाली बाग." बाबांनी त्याला दारासमोरच्या ओळीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ती तुमाला खायला."

इथं ही गोष्ट संपली असती तर मी आज इतकी बेजार नसते. पण बाबांना आता ताण पटला, आणि पटला तो असा की त्यांना आवरणं मुश्कील झालं. गावात कुणी भेटलं की ते ताणावर बोलतात. आंबवणीवर बोलतात. मी सांगितलेली वाक्यं ते जशीच्या तशी सांगतात आणि शेवटी म्हणतात, हा माझा अनुभव आहे. भावाला फोनवर ते आता व्हिडिओतल्या चुका दाखवतात.

यंदा त्यांनी सगळ्या बागेचं पाणी एकाच दिवशी तोडलं. फ्यूज स्वतः काढून आईच्या हातात दिले. आमच्या रानाचा ओढ्याकडचा कोपरा मात्र काळा नाही, मुरमाड आहे. तिथं ओल टिकत नाही, ताण लवकर बसतो, म्हणून पाणीही लवकर सोडावं लागतं. काळ्या रानाइतकं थांबलं तर झाडं जळतात. मी फोनवर हे दोनदा सांगितलं. बाबा म्हणाले, "बघतो." मी पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या कोपऱ्यातल्या झाडांनी सगळी पानं टाकली होती. फांद्यांचे शेंडे काळे पडून वाळायला लागले होते.

"बाबा, इथं आजच्या आज पाणी सोडा."

"अजून मुदत झाली न्हाई."

"ती काळ्या रानाची मुदत. इथं मुरूम आहे."

"सगळ्यांना नियम एकच पाहिजे," बाबा म्हणाले. "तूच म्हणालीस ना, ताण म्हणजे छळ नव्हे म्हणून? आता तुला दया यायलीय."

मी मग आईकडून फ्यूज घेतले, डब्ब्यात बसवले आणि मोटार चालू केली. बाबा शेजारी उभे राहून सांगत होते की ही घाई बहाराला भोवणार आहे.

बरीच झाडं वाचली. पण त्यांच्या वाळलेल्या फांद्या काढाव्या लागणार होत्या. नाहीतर तिथून कीड खाली उतरते आणि चांगली फांदीही जाते. मी करवत घेऊन गेले. बाबांनी पहिल्याच झाडापाशी माझा हात धरला. म्हणाले, "या फांदीला जरा थांब. हिच्या बुडाशी हिरवं वाटायलंय." मी नखानं साल खरवडून दाखवली. आत हिरवं नव्हतं. मी दुसऱ्या ठिकाणी खरवडली, तिथंही नव्हतं. ते म्हणाले, "अजून खाली बघ." मी अजून खाली बघितलं.

मग मी त्यांना म्हणाले, "तुमी आत जा. आमचं आमी करतो." ते थोडा वेळ घुटमळले आणि गेले. आत जाऊन त्यांनी टीव्हीवर बातम्या मोठ्यानं लावल्या. आईनं पदर खोचून फांदी दोन्ही हातांनी धरली आणि मी करवत चालवायला लागले.